अजून काही राहिलंय का?

'प्रतिवादी हे सदर दुकानगाळ्यात गेली अठरा वर्षे केशकर्तनालय चालवीत असून, त्यावर त्यांचा व त्यांच्या पत्नीचा उदरनिर्वाह आहे.'

मी ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचं सगळं वाचन मी ब्लाउजपीस बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर केलेलं, त्यामुळे मी सावकाश वाचते, पण एक अक्षर सोडत नाही.

"इथं सही करा, इथं, आणि मागच्या पानावर," देशमाने वकिलांचा ज्युनियर म्हणाला. त्याच्या टेबलावर चळतीनं फायली होत्या आणि त्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं.

"साहेब, हे माझं नाहीये."

"नाव तुमचंच आहे की. रत्नमाला मस्तूद."

"नाव माझंच आहे. पण मी दाढ्या करत नाही, ब्लाउज शिवते. आणि मला पत्नी नाही."

मागच्या बाकावर बसलेली दोन माणसं खुदकन हसली. ज्युनियरनं कागद ओढून घेतला, बघितला आणि अजिबात न ओशाळता म्हणाला, "ते दुसऱ्या मॅटरमधलं राहिलंय. पेनानं दुरुस्त करू. मुद्दा तोच आहे ना? गाळा सोडायचा नाही."

माझा थोरला भाऊ, सुधाकरदादा, माझ्या कानाशी लागला. एसटीत कंडक्टर होता, कुजबुजला तरी शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. "कर की सही! एवढ्या मोठ्या माणसाच्या हापिसात खुसपट काढू नये. नाव बघ बाहेर पाटीवर, नाव!"

मी सही केली नाही. पिशवी उचलली आणि जिना उतरले.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. बार्शीत भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत माझा आठ बाय दहाचा गाळा होता. मालक विश्वनाथअप्पा तोडकर, राहायला गाळ्याच्या वरच. नवरा वारल्यापासून त्या गाळ्यावर मी पोरीचं शिक्षण केलं, सासूचं औषधपाणी केलं आणि स्वतःला माणसात ठेवलं. अप्पांच्या मुलाला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. सरळ मागून मी सोडणार नाही हे माहीत असल्यामुळे त्यांनी दावा लावला, की मी गाळ्यात परस्पर पोटभाडेकरू ठेवलीय.

ती पोटभाडेकरू म्हणजे नजमा बागवान. माझ्याकडेच शिवण शिकलेली, तीस वर्षांची, दारालगत मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करणारी. दाव्यासोबत दुकानाच्या पाटीचा फोटो लावला होता. पाटीवर वर 'रत्नमाला लेडीज टेलर्स' आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'नजमा फॉल-पिको'. ते नाव मीच हौसेनं रंगवून घेतलं होतं. पेंटरनं विचारलं होतं, "बारीक लिहू का?" मी म्हटलं, "बारीक कशाला? ती काय चोरून काम करते?"

दादाचं म्हणणं सोपं होतं. "त्या पोरीला काढून टाक. केस तिथल्या तिथं मेली. परक्याच्या लेकीसाठी भाकरीवर पाय देऊ नको."

 पण पाटीपेक्षा वाईट एक गोष्ट होती आणि ती मी दादालाही सांगितली नव्हती.

नजमाला पिकोचं मशीन घ्यायला बँकेचं कर्ज हवं होतं. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, धंद्याची जागा कुठली? म्हणून मी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, की माझ्या गाळ्यात नजमानं व्यवसाय करायला माझी हरकत नाही. नोटरीचा शिक्का, खाली माझी सही. त्या दिवशी आम्ही दोघींनी बँकेच्या दारात पेढा खाल्ला होता. दाव्याची नोटीस आल्यापासून तो पेढा माझ्या घशात अडकला होता.

देशमाने वकिलांनी त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी काहीच विचारलं नाही. चार तारखांत मी त्यांना दोनदा पाहिलं, तेही पाठीकडून. प्रत्येक तारखेला कारकून मात्र समोरून यायचा, पैसे घ्यायला.

पण त्या चार तारखांनी माझं एक काम केलं. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर पुकारा होईपर्यंत करायचं काय? गिऱ्हाईक दारात आलं की मी नजरेनंच माप घेते, तशी मी वकिलांची मापं घेत बसले. कोण नुसताच कोट उडवत जातो, कोणाच्या मागं चार पोरं फायली घेऊन पळतात, कोण पक्षकाराला चहा पाजायला लावतो. त्यात एक बाई होत्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, कोटाची डावी बाही खांद्यात जरा चुकलेली. एकदा त्या कोर्टातून बाहेर आल्या आणि पायरीवर बसलेल्या एका म्हातारीशेजारी तशाच खाली बसल्या. आज आत काय झालं ते तिला सांगितलं. म्हातारीनं परत विचारलं, परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, काय झालं ते." म्हातारीनं सांगितलं. मग त्या उठल्या आणि कोटाची धूळ झटकून पुढच्या कामाला गेल्या.

देशमान्यांच्या जिन्यावरून उतरले आणि मी चौकशी करत करत, दादाला मागं घेऊन, थेट त्यांच्याकडे गेले. ॲडव्होकेट वैजयंती होनराव. ऑफिस म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"आधीचे वकील आहेत ना?" त्यांनी पहिलंच विचारलं. "मग त्यांची नाहरकत आणा. वकीलपत्रावर त्यांची सही झाल्याशिवाय मला उभं राहता येत नाही. आणि सोमवारी तुमची कैफियत, म्हणजे दाव्याचं उत्तर, द्यायची शेवटची तारीख आहे म्हणता. म्हणजे उद्याच आणा."

"फी किती घेता, मॅडम?" मी विचारलं. विचारताना माझाच आवाज मला आगाऊ वाटला.

"पंधरा हजार. निकाल लागेपर्यंतचे. तीन वेळा मिळून द्या. स्टॅम्प, टायपिंग, झेरॉक्स वेगळं, त्याची चिठ्ठी देईन."

"आणि तारखेचे?"

"तारीख कोर्ट देतं. त्याचे मी कशाला घेऊ?"

दादा बाहेर आल्यावर म्हणाला, "एवढ्या स्वस्तात? मग येत नसंल तिला काही."

दुसऱ्या दिवशी देशमाने साहेबांना मी कोर्टाच्या दारात गाठलं. ते चालत होते, चालताना फोनवर बोलत होते, आणि बोलताना कुणाला तरी हात करत होते. मी वकीलपत्र पुढं धरलं.

"कुठली मॅटर?"

"सलूनची," मी म्हटलं.

"हां हां." त्यांनी माझ्याच पाकिटावर कागद टेकवून सही केली आणि गेले.  सही मिळाल्यावर मला इतकं हसू आलं, की बाकावर बसावं लागलं.

होनराव मॅडमनी कैफियत स्वतः लिहायला घेतली, हातानं. पण त्याआधी त्यांनी जे विचारलं, तसं मला कुणी विचारलं नव्हतं.

"सकाळी शटर उघडल्यापासूनचा तुमचा दिवस सांगा."

"त्यात काय सांगायचं?"

"तेच सांगा."

मी सांगत गेले. किल्ली माझ्याच कमरेला असते, साडेनऊला शटर वर होतं, झाडलोट, मशीनला हात जोडायचे, मापाची वही उघडायची. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "नजमा येते तेव्हा शटर उघडं असतं?" मी म्हटलं, "ती दहाला येते, पोराला शाळेत सोडून." त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, ही बाई केस लिहितेय की माझी चौकशी करतेय? शेवटी पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अजून काही राहिलंय का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "बरं."

कैफियत सोमवारी वेळेत गेली. त्यात मी बाई होते, विधवा होते आणि ब्लाउज शिवत होते. तीनही गोष्टी एकदम खऱ्या असलेला तो माझ्या नावाचा पहिला कोर्टाचा कागद.

पंधराएक दिवसांनी मॅडम दुकानात आल्या. भर दुपारी, हातात ब्लाउजपीस.

"आज वकील नाही, गिऱ्हाईक," म्हणाल्या. "कोटाच्या आत काय घालतो ते कुणी बघत नाही, म्हणून मी वाट्टेल तसं शिवून घेते. जरा नीट करून द्या."

मी माप घेतलं. मग त्या स्टुलावर बसल्या त्या तासभर बसल्याच. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. एक बाई साडी घेऊन आली, नजमा म्हणाली, "मावशी, या शनिवारपर्यंत पाहिजे म्हणतात, घेऊ का?" मी म्हटलं, "शनिवारी माझी सहा ब्लाउजं आहेत, सोमवार सांग." नजमानं सोमवार सांगितला. मॅडमनी हे सगळं ऐकलं, पण लिहून काही घेतलं नाही. आम्ही दोघी जेवायला बसलो तेव्हा नजमानं त्यांच्यापुढंही भाकरी धरली. "घ्या, मॅडम, शेंगाची चटणी आहे, आमच्या मावशींना जास्त तिखट चालत नाही म्हणून मी मिरची निम्मीच टाकते." मॅडमनी अर्धी भाकरी खाल्ली. मी त्यांना पाणी द्यायला गेले, तर हळूच म्हणाल्या, "अजून काही राहिलंय का?"

"नाही, मॅडम."

महिन्यानं ब्लाउज न्यायला आल्या, तेव्हाही तेच. घालून बघितलं, आरशात वळून बघितलं, खूश झाल्या, शिलाई दिली, आणि जाताना चप्पल घालता घालता, "काही राहिलं असेल तर सांगा."

मी 'नाही' म्हटलं, पण ते माझ्या तोंडातून नीट निघालं नाही.

मला भीती त्या कागदाची नव्हती, हे कुणालाही पटणार नाही. मला भीती ही होती, की कागद सांगितला की मॅडमही दादासारखंच म्हणतील, नजमाला काढा. दादाचं मी ऐकलं नसतं, पण मॅडमचं मला ऐकावं लागलं असतं. मॅडम माणसाशी माणसासारखं वागत होत्या, म्हणूनच जास्त भीती.

तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा नजमा नव्हती, पोरगं तापानं फणफणलं होतं. दुकानात मी एकटीच हुक लावत बसले होते. मॅडमनी स्टूल ओढलं. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. समोरचे हुक उचलून एकेक माझ्या हातात देत राहिल्या. सातव्या का आठव्या हुकाला मी सुई खाली ठेवली.

"मॅडम, एक कागद आहे."

मी सगळं सांगितलं. बँक, स्टॅम्पपेपर, नोटरी, पेढासुद्धा. सांगून झाल्यावर म्हटलं, "आता तुम्ही म्हणाल, तिला काढा."

"मी कशाला म्हणेन?" त्या म्हणाल्या. "मशीन कुणाचं?"

"तिचं. हप्ते तिनंच फेडले."

"जागेचं तिच्याकडून काय घेता?"

"काय घेणार? निम्मी चटणी."

त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पोटभाडेकरू म्हणजे ज्याच्या हाती तुम्ही जागा सोपवता तो. तुम्ही जागा सोपवलेली नाही. तुम्ही एका बाईला शेजारी बसवलंय. फरक मोठा आहे, पण तो कोर्टात तुम्हाला तुमच्या तोंडानं सांगावा लागेल. सांगाल?"

"सांगेन."

त्या कागदाची प्रत आम्हीच कोर्टात दाखल केली, नजमा माझ्याकडे बसून काम करते आणि त्यासाठी बँकेला हे लिहून दिलं, अशा माझ्या शपथपत्रासह. दादा तेव्हा एक आठवडा माझ्याशी बोलला नाही. "स्वतःच्या गळ्याला स्वतः फास!" एवढं म्हणून गेला.

आधी अप्पांची साक्ष झाली. अप्पा धोतर-टोपी घालून, कपाळाला विभूती लावून पिंजऱ्यात उभे राहिले. माणूस वाईट नव्हते, पण पोरापुढं मऊ होते. मॅडम उलटतपासाला उठल्या.

"अप्पा, गेल्या साली सून आली घरात. तिचं लग्नातलं ब्लाउज कुणी शिवलं?"

"हिनंच."

"माप नजमानं घेतलं असेल."

"छे! ती काय माप घेतेय. ती साड्यांना पिको करते."

"तुम्ही गाळ्याच्या वरच राहता. सकाळी शटरचा आवाज येत असेल?"

"येत असेल? अहो, रोज!" अप्पांना बहुतेक हे कुणाला तरी सांगायचंच होतं. "साडेनऊ वाजले रे वाजले की धाडकन! माझा पूजेचा टायम. किती वेळा सांगितलं हिला, जरा हळू उघड. अठरा वर्षांत एक दिवस ऐकलं नाही!"

"उघडतं कोण?"

"हीच. किल्ली हिच्याच कमरेला असती."

मॅडम म्हणाल्या, "बस, झालं," आणि बसल्या. अप्पांच्या वकिलांनी डोक्याला हात लावला. अप्पा पिंजऱ्यातून उतरताना माझ्याकडे बघून कुरकुरले, "खरं तेच सांगितलं की नाही मी?" मी मान डोलावली. खरंच सांगितलं होतं बिचाऱ्यांनी.

माझी साक्ष पुढच्या महिन्यात. मी पिंजऱ्याची दांडी घट्ट धरली. समोरच्या वकिलांनी पाटीबद्दल विचारलं, मी म्हटलं, हो, मीच रंगवून घेतली. मग त्यांनी तो स्टॅम्पपेपर काढला, सावकाश, पिशवीतून काहीतरी खास काढावं तसा.

"ही सही तुमचीच का?"

त्यांनी आवाज असा लावला होता, की मी 'नाही' म्हणणार आणि ते मला पकडणार. मी मॅडमकडे बघितलं. त्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या, वर बघतच नव्हत्या.

"माझीच. नजमाला मशीन घ्यायचं होतं."

"म्हणजे तुम्ही तिला जागा दिली?"

"बसायला दिली. गाळा मीच चालवते. मी दोन दिवस गावाला गेले तर दुकान बंद असतं. तिच्याकडं किल्लीच नाही, ती काय उघडणार?"

त्यांनी अजून दोन प्रश्न विचारले, पण त्यांच्या आवाजातली हवा गेली होती. जज्जसाहेब म्हणाले, "हे पत्र तर प्रतिवादीनंच आधी दाखल केलंय. पुढं चला." पुढं त्यांच्याकडे काही नव्हतं.

निकालाला आणखी चार महिने लागले. 'वादीचा दावा नामंजूर' एवढंच ऐकू आलं आणि पुढचं इंग्रजीतलं माझ्या डोक्यावरून गेलं. बाहेर येऊन मी व्हरांड्यात बसले. मॅडम शेजारी बसल्या आणि आत काय झालं ते त्यांनी मला मराठीत, पहिल्यापासून सांगितलं. मी म्हटलं, "परत सांगा." त्यांनी परत सांगितलं.

मग मला राहवेना. "मॅडम, मी तो कागद लपवला होता, तुम्ही रागावला नाहीत?"

"मी पहिल्याच आठवड्यात कोर्टात जाऊन तुमची फाईल बघून आले होते," त्या म्हणाल्या. "अप्पा पुढं हजर करणार त्या कागदांच्या यादीत शेवटी त्याचं नाव होतं. बँकेतून कुणीतरी प्रत दिली असणार."

 "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? मग दोन-दोन महिने विचारत का बसलात? सरळ पुढं टाकायचा की माझ्या!"

"टाकला असता तर तुम्ही सबबी शोधल्या असत्या. मलाच विचारलं असतं, काय सांगू म्हणून. मी सांगितलेलं पाठ करून पिंजऱ्यात उभ्या राहिला असतात. त्या पिंजऱ्यात वकील जाऊ शकत नाही, रत्नमालाबाई. एकदा आपल्या माणसाला सांगता आलं, की तिथं सांगता येतं."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"तर आणखी एक ब्लाउज शिवून घेतलं असतं."

त्या उठल्या, कारण आतून त्यांच्या दुसऱ्या केसचा पुकारा झाला होता.

मी चालत दुकानाकडे आले. रिक्षा करायचं सुचलंच नाही. दुपारचे दोन वाजले होते. सकाळी मी शटर उघडून, नजमाला बसवून गेले होते; कोर्टाच्या दिवशी तेवढी सवलत. ती मशीनवर होती. मला बघून तिनं पाय थांबवला, पण विचारेना.  मी पदरानं घाम पुसला, माठातलं पाणी प्यायले.

"किती साड्या राहिल्यात?"

"अकरा."

"मग थांबलीस कशाला? चालू दे."

"मावशी, निकाल..."

"चालू दे म्हटलं ना, बाई. दुकान आपलंच आहे."

तिनं साडीचा काठ मशीनखाली सरकवला आणि पाय टाकला. चार बोटं टीप गेली असेल. मग ती मशीनच्या हातावर डोकं टेकून हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या हाताखालून साडी हळूच काढून घेतली, डाग पडू नये म्हणून. गिऱ्हाइकाची होती.